जातं दोघींनी ओढायचं असतं

पत्र

नमस्कार ताई. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं शिकवते. कविता लिहिते, दोन संग्रह आहेत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांवर कोरोनानं बरीच कर्ती माणसं गेली. मागे राहिलेल्यांपैकी तिघी-चौघींना मी एका रविवारी घरी चहाला बोलावलं आणि तिथून दर रविवारी समाजमंदिरात बसायची सवय लागली. आता चोवीस जणी येतात. कोणाचा नवरा कोरोनात गेला, कोणाच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला, कोणाला टाकून दिलंय. त्या ओव्या म्हणतात, नव्या जुळवतात, मी उतरवून घेते. अकरा वह्या भरल्या. पण दोन वर्षांत माझी स्वतःची एक ओळ झालेली नाही. रात्री त्यांचंच बोलणं ऐकू येतं. रविवार जवळ आला की पोटात गोळा येतो आणि त्याची लाजही वाटते. घरचे म्हणतात, बंद कर. पण सावित्रीबाईंनी प्लेगात जीव दिला, मग मी कोणत्या तोंडानं दमले म्हणू? आता एक प्रकाशक वह्यांचं पुस्तक करू म्हणतात, वर कवयित्री म्हणून माझं नाव. आणि गेल्या रविवारी एकीनं म्हटलेल्या ओवीत विहीर होती. म्हणून झाल्यावर ती हसली. मला ते हसणं बरं वाटलं नाही. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर

प्रिय बाई,

तुम्हाला ‘बाई’च म्हणते. लातूर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये छत्तीस वर्षं मी हाच शब्द ऐकला, अजून बाजारात कोणी ‘बाई’ म्हणून हाक मारली की माझी मान वळते.

तुमच्या पत्रात विहीर सगळ्यात शेवटी आली. मी तिथूनच सुरू करते. पत्र वाचलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो, तुम्ही रात्रीच तिच्या घरी गेलात. पुढचं जे झालं ते तिचं आहे, ते इथे नको. पण तेव्हा बोललो ते पुन्हा लिहिते, कारण हे सदर आशाताई वाचतात, अंगणवाडीताई वाचतात, बचत गटाच्या बायका वाचतात आणि अशी ओवी कोणाच्याही समोर कधीही येऊ शकते.

ओवीत मरण येणं नवं नाही. सासुरवाशिणींनी जात्यावर किती वेळा मरण मागितलं असेल! मरणाची ओवी म्हणणारी प्रत्येक जण जीव द्यायला निघालेली नसते. पण वर्षानुवर्षं तिच्यासमोर बसलेल्या बाईला तिचं हसणं खटकत असेल, तर ते खरं धरायचं. तिला एकटीला बाजूला घ्यायचं आणि सरळ विचारायचं: जीव द्यावासा वाटतो का गं? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. कोणीतरी विचारलं याचाच बहुतेकींना आधार वाटतो. ती ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही. घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते बघायचं आणि त्याच दिवशी डबा दुसऱ्याच्या घरी, कुलपात न्यायचा. जीव देण्याची ती उबळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते, त्या वेळात विष हाताशी नसलं तर माणूस वाचतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे सोबत म्हणून जायचं. आणि घरच्यांना पोलिसांची भीती वाटत असेल, तर सांगायचं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखालचं माणूस धरलंय. त्याला शिक्षा नाही. त्याला उपचार आणि आधार देणं सरकारचं काम आहे.

एवढं केलं की तुमचं काम झालं. पुढचं डॉक्टरांचं आहे. तुम्ही तिच्या डॉक्टर नाही आणि तिच्या ओव्यांकडे दर रविवारी तपासणीसारखं बघू नका, नाहीतर तिला मोकळेपणानं गाता येणार नाही आणि तुम्हाला मोकळेपणानं ऐकता येणार नाही.

आता तुमच्याबद्दल. रात्री त्यांचं बोलणं ऐकू येतं, असं तुम्ही लिहिलंय. मला ते माहीत आहे, आणि कुठून माहीत आहे ते सांगते.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली, ती बरीचशी आपल्याच घरांच्या दगडमातीच्या जाड भिंतींखाली. मला नोकरी लागून पाचच वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये मुलांची शाळा सुरू झाली, तिथे काही महिने मी गेले. मी तेव्हा कविता करत असे आणि मला वाटे की मनातलं लिहिलं की हलकं होतं. म्हणून एके दिवशी सहावीतल्या एका मुलीला मी सांगितलं, त्या रात्री काय झालं ते लिही. तिनं अर्धं पान लिहिलं, वही माझ्या हातात दिली आणि पुढचे पंधरा दिवस ती शाळेत आली नाही. मी शेडवर गेले तर तिची चुलती म्हणाली, “बाई, पोरगी रातीला झोपंना.” मला कोणी रागावलं नाही. ते अर्धं पान माझ्याकडे आहे आणि ते मी कधी कोणाला वाचून दाखवलेलं नाही.

पुढे फार वर्षांनी मला कळलं की माझं म्हणणं निम्मं बरोबर होतं. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली एक प्रयोग छापला. कॉलेजातल्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि त्या वेळचं मन दोन्ही लिहिलं, त्यांचं पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालं. पण लिहून उठल्यावर लगेच काय झालं? तीच मुलं जास्त उदास होती. म्हणजे लिहिण्या-गाण्यानं आराम पडतो, पण तो मागाहून पडतो, आधी जखम उघडी होते. कॉलेजातली मुलं आणि चार दिवसांपूर्वी आईला पुरलेलं लेकरू यांत अंतर आहेच, ते मी तेव्हा ओळखायला हवं होतं. आणि त्या प्रयोगातली मुलं चार दिवस लिहीत होती. तुम्ही दर रविवारी चोवीस जणींचं ऐकताय, तेही इतकी वर्षं.

त्याच शेडमध्ये एक म्हातारी होती. मदतीचं पीठ आयतं येत होतं, पण ती येईल त्या पाहुण्याला म्हणायची, माझं जातं काढून द्या. जातं भिंतीखाली गेलं होतं. शेवटी कोणीतरी शेजारच्या गावातून एक जुनं जातं आणून दिलं. पहिले दोन दिवस ती एकटीच दळत बसली, तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी बाजूच्या खोलीतली एक बाई येऊन समोर बसली आणि खुंट्याला हात लावला. जातं जड होतं, म्हातारीला एकटीला ओढवत नव्हतं. थोड्या वेळानं म्हातारी गायला लागली. भूकंपाचं काही नव्हतं त्यात. पंचमीला भाऊ न्यायला येतो, त्याची वाट बघते, असलं काहीतरी. एक ओळ ती म्हणायची, समोरची ती उचलायची, तेवढ्यात पहिलीला श्वास घ्यायला सवड मिळायची. भिंत आणि रात्र तिच्या ओवीत आली ती पुष्कळ दिवसांनी, तिला वाटलं तेव्हा. मी काही विचारलं नव्हतं.

तुमच्या गंगाखेडची जनाबाई दळताना विठोबाला समोर बसवते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी त्याचा अर्थ भक्ती एवढाच घेत असे. आता वाटतं, एकटीनं जातं ओढवत नाही हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

बाई, तुमच्या रविवारी तुमच्यासमोर कोण बसतं?

चोवीस जणी एकमेकींसमोर बसतात का, की चोवीस जणी तुमच्यासमोर बसतात? वह्या तुम्ही लिहिता, किल्ली तुमच्याकडे, कोणाचं काय बिनसलंय ते तुम्हाला ठाऊक, कोण आली नाही तर निरोप तुम्ही धाडता. पत्रावरून मला असंच दिसतं. हे तुम्ही मायेनं केलंत, पण त्यामुळे चोवीस खुंटे तुमच्या एका हातात आले. घरचे म्हणतात बंद कर. मी म्हणते, बंद करू नका, हात सोडा. त्यातल्या तिघींना विचारा, आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्याच निवडू नका. किल्ली एकीकडे द्या. निरोपाचं काम दुसरी बघेल. लिहिता येणारी एखादी सून किंवा लेक असेलच, वही तिच्या हातात जाऊ द्या, तिच्या शुद्धलेखनाच्या चुका तशाच राहू द्या. महिन्यातल्या एका रविवारी तुम्ही जायचंच नाही. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी असते तेव्हा बैठक ठेवूच नका. तेव्हा त्या शेतात एकमेकींच्या शेजारी असतातच, आणि खरं सांगायचं तर तिथे तुमच्यापेक्षा जास्त बोलतात. बैठकीला वेळ बांधून घ्या, दीड तास पुरे, आणि रडवणाऱ्या ओवीवर कधीही उठू नका. शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायचं काहीतरी असू द्या, भलरी असो, भुलाबाईचं गाणं असो, आणि मग चहा.

झोपेचंही बघा. दुसऱ्याचं दुःख सतत ऐकणाऱ्या माणसाला असं होतं. त्यात दुबळेपणा नाही आणि लाज वाटण्यासारखंही काही नाही. झोप अशी मोडून पंधरा दिवसांच्या वर झाले असतील, तर तुम्हीही डॉक्टरांना भेटा. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

सावित्रीबाईंचं तुम्ही लिहिलंत ते मला फार लागलं, कारण शिक्षिकेला गप्प करायला हे नाव वापरलेलं मी आयुष्यभर पाहिलंय. सावित्रीच्या लेकी म्हणायचं आणि जास्तीचं काम अंगावर टाकायचं. म्हणून जरा सावकाश सांगते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्यांच्या दत्तक मुलानं, डॉक्टर झालेल्या यशवंतानं, गावाबाहेर हडपसरच्या बाजूला दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोगी तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६. हे आपल्याला पाठ आहे. पण भिडेवाड्यातली शाळा १८४८ची. मधली एकोणपन्नास वर्षं त्या कशा जगल्या, ते कोण सांगणार?

१८५४ मध्ये त्यांचा ‘काव्यफुले’ आला. वय २३. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-चिखल झेलायचे ते दिवस. त्या संग्रहात शिका, उठा असं बजावणाऱ्या कविता आहेत हे सगळे सांगतात. त्यातच जाईच्या फुलावर कविता आहे, पिवळ्या चाफ्यावर आहे, गुलाबावर आहे, हे फार कोणी सांगत नाही. एवढं काम उरावर असताना त्या बाईनं चाफ्याकडे बघायला वेळ काढला. तो वेळ तिनं कोणाचा चोरला असं तुम्ही म्हणाल का?

आणि १८५६ चा ऑक्टोबर. सावित्रीबाई आजारी पडल्या आणि माहेरी नायगावला राहिल्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आपल्याकडे आहे. भावानं शुश्रूषा केली, आता बरं वाटतंय, पुरती बरी झाले की येते, असं त्यात आहे. आणि फातिमाला, म्हणजे शाळेतल्या त्यांच्या सोबतीणीला, त्रास पडत असेल, पण ती कुरकुरायची नाही, असंही आहे. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा या एका वाक्यावर थांबले. सावित्रीबाई दमल्या, आजारी पडल्या, माहेरी जाऊन निजल्या. तेवढा काळ पुण्यातलं काम चालू राहिलं, कारण फातिमा शेख तिथे होत्या. खुंट्याला दुसरा हात होता. तुम्ही सावित्रीबाईंचा शेवटचा महिना उचलून स्वतःला मोजताय. नायगावचे ते दिवसही उचला.

आता वह्या. इथे मी कडक बोलणार आहे.

त्या पुस्तकावर कवयित्री म्हणून तुमचं नाव जाता कामा नये. तुम्ही उतरवून घेतलंत, निवडलंत, जपलंत. संकलन म्हणून, संपादन म्हणून तुमचं नाव आत आणि बाहेर जरूर असावं. पण ओवी जिची तिची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणेही रचणारी ती कर्ती, लिहून घेणारी नव्हे. उदाहरणासाठी लांब जायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओळी मुलानं आणि त्याच्या मावसभावानं टिपून ठेवल्या. मुलगा, सोपानदेव, स्वतः नावाजलेला कवी. १९५२ साली, बहिणाबाई गेल्यावर, पुस्तक निघालं ते आईच्या नावानं. आणि हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारीचं नाव आणि तिचं गाव टिपून ठेवलं. म्हणून आज कोणतीही ओवी काढली तर ती कोणाच्या तोंडची, हे सांगता येतं.

तेव्हा प्रकाशकांना कळवा की चोवीस नावं असतील तर बोलू. त्याआधी प्रत्येकीला तिची ओवी वाचून दाखवा, एकदा बैठकीत आणि एकदा एकटीला. ओवीत सासरा असेल, दीर असेल, सावकार असेल, तर छापून आल्यावर गावात कोण काय म्हणेल याचा विचार तिनं करायचाय, तुम्ही नाही. कोणी म्हणेल नाव नको, कोणी टोपणनाव देईल, कोणी म्हणेल हीच ओवी काढा. मग तीच काढायची, ती कितीही सुंदर असली तरी. मला माहीत आहे, कवीला हे जड जातं. करार लेखी हवा आणि सह्या किंवा अंगठे त्यांचे हवेत. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं तो हक्क पाच वर्षांपुरता आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतात, म्हणून कागद कोरा ठेवू नका आणि ‘कायमचे सर्व हक्क’ या शब्दांवर सही होऊ देऊ नका. मानधन येईल ते थोडंच असेल. ते कसं वाटायचं हे त्यांनी ठरवावं.

आणि एक. पुस्तक झालं की ‘वेदनेचे सूर’ अशा धर्तीचं काही नाव सुचवलं जाईल, प्रकाशनाला हुंदके येतील. या बायकांच्या ओव्यांत नुसती वेदना नसणार, मी न वाचता सांगते. सातबाऱ्यावर नाव लागत नाही याचा राग असेल, बँकेत कसं बोलले ते असेल, दिरानं बांध कोरला ते असेल. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, अवघी तीन वर्षं शिकलेली. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाबद्दल होता तो, पण त्यात ती रडत बसलेली नाही, जाब विचारते. तिच्या शिक्षकांनी तो निबंध मऊ केला नाही. तुम्हीही करू नका. रागाच्या ओव्या पुस्तकात आधी घ्या.

रागाला कागदाचीही जोड द्या. महिन्यातून एक रविवार ओव्यांचा नको, कामाचा असू दे. नवऱ्याच्या जागी वारस म्हणून कोणाची नोंद झाली, कोणाची अडली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे दीड हजार कोणाला मिळतात, कोणाचा अर्ज तहसीलात पडून आहे. हिंदू वारसा कायद्यानं पत्नी ही नवऱ्याच्या जमिनीची पहिल्या वर्गाची वारस आहे, हे त्या चोवीस जणींपैकी किती जणींना कोणी सांगितलंय? राज्यात कोरोनातल्या एकल महिलांसाठी हेरंब कुलकर्णींसारख्या शिक्षकानं पुढाकार घेऊन पुनर्वसन समिती उभी केली, तिचे कार्यकर्ते अनेक तालुक्यांत काम करत आले आहेत, त्यांच्याशी जोडून घ्या. मन मोकळं करून बाई घरी गेली आणि घरात तिचं जेवण मोजलं जात असेल, तर पुढच्या रविवारी ती तेच ओझं घेऊन येणार.

राहिली तुमची कविता. दोन वर्षांत एक ओळ नाही, म्हणालात. मला वाटतं ओळी आल्या असतील आणि तुम्ही त्या परत पाठवल्या असतील. चोवीस जणींचं एवढं मोठं दुःख समोर असताना मी माझ्या अंगणातल्या पारिजातकावर काय लिहू, असं झालं असेल. किंवा त्यांच्याच आयुष्यावर लिहायला बसलात आणि हात थांबला, कारण ते आपलं नव्हे हे हाताला कळलं. तो थांबला ते बरंच झालं. त्यांच्या गोष्टी त्यांच्या वह्यांत आहेत. तुमची वेगळी वही हवी.

तेव्हा एक साधी दोनशे पानी वही आणा, त्या अकरांपेक्षा वेगळ्या रंगाची. ज्या रविवारी जायचं नाही त्या सकाळी ती उघडा. त्यात मंडळातल्या कोणाचंही नाव येऊ देऊ नका. तुम्ही लहान असताना घरात काय शिजत होतं, आईच्या हाताला कशाचा वास यायचा, सतरा वर्षांत वर्गाच्या खिडकीतून काय दिसत आलं, यातलं काहीही. वाईट लिहा. चार ओळी झाल्या तर चार. दिवाळीपर्यंत ती वही कोणालाही दाखवू नका, मलाही नको.

तुमची,
ताई